शाखानिहाय पहिला पगार

"कोन्या शाखेले किती पगार भेटते ते सांगा मॅडम, त्या हिशेबानं पोराले टाकतो."

दर जूनमध्ये हा प्रश्न माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहायचा. कधी धोतर-टोपीत, कधी पँट-शर्टात, कधी डोक्यावर पदर घेऊन. वाशीमच्या एका कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात मी सतरा वर्षं प्लेसमेंटचं काम पाहिलं. मूळची मी वाणिज्य शिकवणारी. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना इंग्रजीतून फोन करायला मी घाबरत नाही, एवढ्या एका गुणावर प्राचार्यांनी हे खातं माझ्याकडं दिलं. खातं म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेलिफोन, एक कपाट आणि दारावर 'प्लेसमेंट सेल' अशी पाटी. पहिल्याच वर्षी एक आजोबा ती पाटी वाचून टॉर्चचे सेल मागायला आत आले होते. त्यांना पाणी दिलं आणि दुकानाचा रस्ता दाखवला. त्या वर्षी माझ्या खात्यानं लावलेलं ते पहिलं काम.

लोकांना वाटायचं, ही बाई नोकऱ्या वाटते. नोकरी कंपनी देते. मी फक्त दोन्हीकडच्या माणसांची गाठ घालून द्यायची आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेल असं करायची. कंपनीचा माणूस 'पॅकेज' सांगतो. तो वर्षाचा आकडा असतो. मुलं त्याला बारानं भागतात आणि खूश होतात. पण त्या आकड्यात कंपनी भरते तो पीएफ असतो, विमा असतो, मिळाला तर मिळेल असा बोनस असतो, एका कंपनीनं तर कँटीनचा चहासुद्धा त्यात धरला होता. म्हणून मी मुलांना एकच प्रश्न पाठ करून द्यायचे, "हातात किती?" शिरपूर जैन गावचा एक मुलगा तो इतका पाठ करून गेला की मुलाखतीच्या खोलीत शिरल्या शिरल्या, नाव सांगायच्याही आधी, पुण्याच्या साहेबांना म्हणाला, "साहेब, हातात किती?" साहेब हसता हसता खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. त्यांनी त्याला घेतलं. पुढची दोन वर्षं माझी सगळी मुलं तोच प्रश्न विचारत आत शिरायची आणि नोकरी न मिळवता बाहेर यायची.

पगार शाखेवर ठरतो का? पहिला पगार ठरतो, बऱ्याच अंशी. आमच्याकडं बीसीए, म्हणजे संगणकवाले, सगळ्यांत वर. त्याखाली रसायनशास्त्रातले बीएस्सी, ते वाळूजच्या औषध कंपन्यांत लागायचे. मग बीकॉम, टॅक्सवाल्याकडं नाहीतर आडत दुकानात टॅलीवर बसणारे. आणि शेवटी बीए. बीएच्या मुलाला पगार विचारला की तो म्हणायचा, "अभ्यास करून राह्यलो." म्हणजे पोलीसभरतीचा, तलाठ्याचा, जी जाहिरात निघेल तिचा.

हे सगळं प्राचार्यांनी एका वर्षी फ्लेक्सवर छापून घेतलं आणि महाविद्यालयाच्या पायऱ्यांजवळ लावलं. चार रंगांचे चार उभे खांब, वर मोठ्या अक्षरांत 'शाखानिहाय पहिला पगार'. आकडे माझे होते. मी जुन्या मुलांना फोन करायचे, जे उचलायचे त्यांचा पगार लिहायचे आणि सरासरी काढायचे. जे उचलत नसत त्यांची ओळ कोरी राहायची. कोऱ्या ओळी सरासरीत येत नाहीत. हे मला माहीत होतं. माहीत असून मी कधी थांबले नाही, कारण सरासरी दरवर्षी चांगली यायची आणि ती चांगली आली की सगळेच खूश असायचे.

फ्लेक्स लागून काही वर्षं झाल्यावर एका जूनमध्ये उत्तमभाऊ आले. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या खेड्यातला माणूस, सोयाबीन-तुरीची शेती, बोलणं कमी. त्यांच्या मंगेशला चार वर्षांपूर्वी बीसीएला मीच टाकायला लावलं होतं. मुलाला वाणिज्य घ्यायचं होतं. फ्लेक्सकडं बोट दाखवून मी म्हणाले होते, "भाऊ, हा खांब पाहा आणि तो पाहा." मंगेश पास झाला, पुण्याला दोन मुलाखती देऊन परत आला, त्यानंतर माझा फोन त्यानं कधी उचलला नाही.

आता भाऊ धाकट्या मुलीला, अश्विनीला घेऊन आले होते. ती बारावी सायन्स झाली होती. मी जिन्याखालच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा बापलेक फ्लेक्सपुढं उभे होते. भाऊ एकेका खांबावरून बोट फिरवत वाचत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "ह्या बीसीएच्या आकड्यात आमचा मंगेश धरला का?"

"नाही."

"काहून?"

"त्याला नोकरी लागली नाही ना अजून. लागली की धरू."

"म्हंजे ज्याले लागली तो ह्याच्यात हाये. ज्याले नाई लागली तो नाईच."

भाऊंचं बोट बीसीएच्या खांबावरच होतं.

"आमी एकरी उतारा काढतो मॅडम, तं जे वावर पिकलं नाई तेबी धरतो. तुमी पिकलेलंच धरलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादी चूक दिसली आणि दाखवून दिली, एवढंच. "मंग हा काही बीसीएचा पगार नाई झाला. ज्याले भेटला त्याचा पगार झाला."

मी मुलांना सरासरी शिकवत आले होते. तिचा अर्थ मला पायरीवर उभं राहून एका शेतकऱ्यानं सांगितला. 'तुमच्याच सांगण्यावरून मंगेशले बीसीएले टाकलं' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

"आता हिले कोठी टाकू?" त्यांनी विचारलं.

अश्विनी छातीशी फाइल धरून उभी होती. ती माझ्याकडं पाहत होती, फ्लेक्सकडं नाही.

फॉर्म भरायची मुदत पुढच्या सोमवारपर्यंत होती. मी म्हणाले, "भाऊ, मला तेवढे दिवस द्या. नीट पाहून सांगते."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आधी मालेगावला गेले. भाऊंनी सांगितलेल्या, बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात मंगेश एक उघडा फोन पुढ्यात घेऊन बसला होता. मला पाहून तो उठलाच. मालकानं स्टूल पुढं केलं.

"मॅडम, तुमचा फोन पाहिला की मी मोबाइल उलटा ठेवाचो," तो म्हणाला. "काय सांगू? सहा हजारावर बसलो हाये?"

"तेच सांगायचं होतं."

"तुमच्या बोर्डावर वीस हजार लिवलं हाये अन् मी सहा सांगू?"

मी त्याला सगळं सांगितलं, त्याच्या बाबांचा प्रश्नही. गेल्या दोन बॅचेसमधल्या जेवढ्यांचा मिळेल तेवढ्यांचा पहिला पगार मला खराखुरा हवा होता. ज्याला पगारच नाही त्याचं शून्यही हवं होतं. त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमाले कोनी खरं सांगनार नाई. मले सांगतीन."

त्या संध्याकाळी आणि पुढचे दोन दिवस गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्यानं दुकानातून फोन लावले. मी शेजारी वही घेऊन बसले. "काय बे, काय करून राह्यला? हातात किती येते? खरं सांग, मी माहे सांगतले." स्वतःचे सहा हजार तो प्रत्येकाला आधी सांगायचा. समोरचा मग मोकळा व्हायचा. पुण्यातले बीसीएवाले पंधरा-सोळा हजारांवर होते, चौघांत एक खोली, बसचा पास, मेस, आणि महिन्याच्या शेवटी घरून पाठवलेले पैसे. निम्म्याहून जास्त मुलं परत आली होती. एक रसवंती चालवत होता, एक बापाच्या शेतात होता. रसायनशास्त्रवाले पगारानं त्यांच्या खालीच होते, पण बहुतेक सगळे लागलेले होते आणि टिकलेले होते. बीकॉमवाल्यांची सुरुवात इतकी लहान की सांगताना ते हसायचे, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मालक त्यांना सोडायला तयार नसायचा. माझे फ्लेक्सवरचे खांब वहीत हळूहळू खालीवर होऊ लागले.

बीएच्या खांबात एक आकडा मात्र मला छळत होता. दिनेश नावाच्या मुलानं फोनवर पंचवीस हजार सांगितले होते. आमच्या बीएच्या इतिहासात एवढा पगार कोणालाच नव्हता. त्या एका आकड्यानं कलाशाखेची सरासरी वर खेचली होती. मंगेशकडं त्याचा नंबर नव्हता, माझ्याकडचा बंद लागत होता. म्हणून मी शिरपूरला गेले आणि तिथून ऑटोनं पुढच्या वस्तीवर.

दिनेशची आई दारात धान्य पाखडत होती. मी ओळख दिली तशी तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तो तं पुन्याकडं गेला बांधकामावर, त्याच्या बापासंगं. दिवाईले येतीन."

"नोकरी लागली म्हणाला होता, पंचवीस हजारांची."

तिला हसू आलं, मग ते गेलं. "तुमीच फोन केलता ना? तवा तो माह्यापाशीच बसला होता. तुमी इचारलं अन् त्यानं पंचवीस हजार सांगतले. फोन ठेवल्यावर म्यां म्हनलं, कायले खोटं बोलतं बाप्पा? तं म्हने, मॅडमले वाईट वाटंन."

तिनं चहा केला. मी प्यायले. त्या चहाची चव मला आठवत नाही. एवढंच आठवतं की वहीत दिनेशच्या नावापुढं काय लिहावं ते मला सुचलं नाही. शून्य लिहावं तर तो राबत होता. पगार लिहावा तर ती मजुरी होती, पदवीशिवायही तेवढीच मिळाली असती. शेवटी मी 'बांधकाम, हंगामी' असं लिहिलं. माझ्या कुठल्याही तक्त्यात असा रकाना नव्हता.

मंगरूळपीरला भेटली ती नसरीन. भूगोल घेऊन बीए झालेली मुलगी. बीएमधल्या ज्या थोड्यांना पगार होता त्यांत ती एक. जमिनीची खाजगी मोजणी करून देणाऱ्या एका माणसाकडं ती कामाला होती. मी पोचले तेव्हा ती गावाबाहेरच्या एका वावरात, डोक्याला ओढणी घट्ट बांधून, हातात उपग्रहावरून मोजमाप घेणाऱ्या यंत्राची काठी धरून उभी होती. बांधावर दोन सख्खे भाऊ एकमेकांकडं पाठ करून उभे होते.

"मॅडम, थांबा दोन मिनट," ती लांबूनच म्हणाली. "हा कोपरा घेते, नाई तं हे दोघं भांडतीन."

काम उरकून ती सावलीत आली. "पहिला पगार नऊ हजार. शेहरात जा म्हनत होते सगळे, पन अब्बा सोडत नव्हते. आता ह्या वावरात मी सांगीन तिथं खुंटी ठोकतात. अब्बा पन मोजनी पाहाले आले होते एक दिवस." मग तिनं विचारलं, "बोरकर सर कसे हायेत? नकाशा वाचाले त्यायनंच शिकवलं."

बोरकर सर आमचे भूगोलाचे. त्यांची खोली माझ्या खोलीच्या अगदी वर होती.

रविवारी मी सगळं एका कागदावर उतरवलं. प्रत्येक शाखेत किती जणांशी बोलणं झालं, किती जण कामावर, किती घरी, हातात किती येतात, कुठं राहतात. सोमवारी सकाळी कागद घेऊन प्राचार्यांकडं गेले. फ्लेक्स काढून हा लावू, असं म्हणाले. त्यांनी दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता. "इंगोले मॅडम, हे खरं आहे," ते म्हणाले. "पण बाकीची कॉलेजं आपापले फ्लेक्स काढणार आहेत का? आपण हा लावला तर आपल्याकडं कोण येईल?" मी म्हटलं, लावू नका, पण माझ्या टेबलावर जो येईल त्याला मी हाच दाखवीन. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. ती परवानगी आहे असं मी धरून चालले.

दुपारी उत्तमभाऊ आणि अश्विनी आले. या वेळी मंगेशही बरोबर होता. मी कागद भाऊंपुढं ठेवला. त्यांनी बीसीएच्या ओळीत मुलाचं नाव नाही पण त्याचे सहा हजार धरलेले पाहिले आणि मान हलवली. बराच वेळ वाचून म्हणाले, "म्हंजे कोनत्याच शाखेत हमी नाई."

"नाही."

"हे आधी सांगतलं असतं..." एवढं म्हणून ते थांबले. मंगेश जमिनीकडं पाहत होता. मी म्हणाले, "भाऊ, चुकलं माझं." इतक्या वर्षांत एखाद्या पालकाला मी हे पहिल्यांदाच म्हणत होते.

तेव्हा अश्विनीनं कागद स्वतःकडं ओढला. "मॅडम, पोरींचं वेगळं काढलं का?"

नव्हतं काढलं. चार दिवस मी उन्हातान्हात फिरले होते आणि स्वतः बाई असून हे मला सुचलं नव्हतं. आम्ही दोघी वही घेऊन बसलो आणि मुलींच्या नावांवर पेन्सिलीनं खुणा केल्या. बीसीएच्या मुलींपैकी पुण्याला कोणालाच पाठवलं नव्हतं. बीएच्या बहुतेकींची लग्नं झाली होती. बीकॉमच्या दोघी वाशीमात कामावर होत्या. नसरीन होती. आणि रसायनशास्त्राच्या पाच मुली वाळूजला, एकाच खोलीत.

मी मनात धरलं होतं की भाऊ बीकॉम म्हणतील. वाशीम जवळ, बस घरासमोरून.

"केमिस्ट्री," अश्विनी म्हणाली.

"वाळूज लय दूर हाये बाई," भाऊ म्हणाले.

"दूर हाये म्हनूनच."

भाऊंनी मंगेशकडं पाहिलं. मग मंगेश म्हणाला, "जाऊ द्या तिले, बाबा. मी घरी हावो ना." भाऊंनी खिशातून पेन काढून तिच्या पुढं ठेवलं. फॉर्म तिनंच भरला.

माझ्या कागदाचे पुढं जे परिणाम झाले ते सगळे असे चांगले नव्हते. पालक एकमेकांना सांगू लागले. पुढच्या वर्षी कलाशाखेत मुलं निम्मी झाली, भूगोलाला तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बोरकर सर निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा भरलीच नाही. निरोपसमारंभ संपल्यावर ते जिना उतरून माझ्या खोलीत आले, पहिल्यांदाच.

"तुमचा कागद मी वाचला," ते म्हणाले. "खोटं काहीच नव्हतं त्यात. पण पाहा मॅडम, माझ्याकडं येणारं निम्मं पोर घरातलं पहिलं शिकणारं. वाळूजचं नाव त्यानं ऐकलेलं नसायचं, ते नकाशावर शोधायला शिकायचं. याला तुमच्या कागदात जागा कुठं होती?"

मी म्हणाले, "नव्हती सर."

"मला वाटलंच," ते म्हणाले, आणि हार टेबलावर ठेवून गेले. तो वाळेपर्यंत मी तसाच ठेवला. मुलांना खरं सांगितल्याचा मला पस्तावा नाही. पण ते खरं अपुरं होतं, आणि त्या अपुरेपणाची किंमत दुसऱ्याच माणसानं मोजली, हे मनातून जात नाही.

अश्विनी तीन वर्षांनी पास झाली आणि वाळूजला गेली. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. महिन्याभरानं तिचा फोन आला.

"मॅडम, लिवून घ्या. हातात साडेअकरा."

मी लिहिलं.

"अजून लिवा. काम उभ्यानं हाये, आठ तास. पाळी आठवड्याले बदलते. मास्क काढता येत नाई. पहिले पंधरा दिवस रोज रडाले येते, मंग नाई येत. खोली चांगली हाये, पानी सकाळी सहालेच येते."

"हे सगळं लिहू?"

"मंग? पगारच लिवला तं कसं समजंन?" ती म्हणाली. "अन् कोन्या पोरीले इचाराचं असलं तं माहा नंबर द्या. दुपारपाळी असली तं सकाळी फोन कराले सांगा."

तो माझ्या नोकरीचा शेवटचा जून होता. काही दिवसांनी मंगरूळपीरकडच्या एका खेड्यातून एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी बोलतच नव्हती, सगळी उत्तरं आईच देत होती. मी कागद दाखवला, मग अश्विनीचा नंबर लावला आणि फोन मुलीच्या हातात दिला. ती तो घेऊन व्हरांड्यात गेली. आई उठू लागल्या तर मी त्यांना बसवून ठेवलं, चहा मागवला.

अर्धा तास झाला. दारातून तिची पाठ दिसत होती. आधी ती नुसती ऐकत होती, मग एकदा हसली, मग काहीतरी विचारू लागली, हात हलवून हलवून. चहा गार झाला. आईंनी मला विचारलं, "काय बोलून राह्यल्या असतीन वं एवढ्या?"

"तुम्हा-आम्हाला कोणी सांगितलं नाही ते," मी म्हणाले.

मुलगी आत आली, फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि आईकडं न पाहता म्हणाली, "मॅडम, फॉर्म द्या."

कोणत्या शाखेचा, ते मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं.